पंप उघडणे, औद्योगिक (देखभालीसाठी)

चालू यंत्रणेतला पंप वेगळा काढून त्याचे केसिंग, इंपेलर, शाफ्ट, सील आणि बेअरिंग सुटे करण्याचे काम. सील गळू लागले, बेअरिंग आवाज करू लागले किंवा पंपाचा दाब उतरला, की हे काम निघते. यातले बहुतेक गंभीर अपघात पाना चालवताना हात घसरल्यामुळे होत नाहीत. बंद समजलेल्या पंपात वीज, दाब, वजन किंवा वायू शिल्लक राहतो आणि तो कोणी तपासलेला नसतो, म्हणून ते होतात.

हे काम किती ठिकाणी निघते, ते सिडकोने डोंगराच्या पायथ्याशी वसवलेल्या खारघर उपनगरात दिसते. उंच इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्यांत पाणी चढवायला तळघरात पंप आहेत, सांडपाण्याच्या खड्ड्यांत बुडीत पंप आहेत, आणि शेजारच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत रसायनांपासून मासळी-प्रक्रियेपर्यंतच्या कारखान्यांत सर्व प्रकारचे पंप चालतात. महाराष्ट्राला हे यंत्र नवे नाही. किर्लोस्करवाडीत १९२६ मध्येच सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला होता. पंप दुरुस्त करणारे हात इथे पिढ्यांपासून आहेत. उणीव आहे ती काम सुरू करण्याआधीच्या अर्ध्या तासाची.

वीज तोडणे. स्टार्टरचे लाल बटण दाबले म्हणजे वीज तुटली, असे नाही. टाकीतल्या फ्लोट स्विचने किंवा कंट्रोल रूममधून आलेल्या आदेशाने तोच पंप पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणून मुख्य स्विच पाडायचा, त्याला कुलूप लावायचे, नावाची पाटी अडकवायची आणि किल्ली पंप उघडणाऱ्याच्याच खिशात ठेवायची. दोन फिटर असतील तर दोन कुलपे. त्यानंतर मोटरच्या टर्मिनलवर मीटर लावून वीज नसल्याची खात्री करायची. मीटर स्वतः चालतो का, हे आधी आणि नंतर जिवंत तारेवर पाहायचे. व्हीएफडी (मोटरची गती बदलणारे उपकरण) असल्यास त्यातले कपॅसिटर उतरेपर्यंत उत्पादकाने सांगितलेली मिनिटे थांबावे लागते. शेवटी बटण दाबून पंप सुरू होत नाही ना, हे पाहायचे. एका ओळीत तीन सारखे पंप असतात तिथे नंबर वाचल्याशिवाय पॅनेलला हात लावू नये. भलत्याच पंपाचा स्विच पाडणे ही या कामातली जुनी चूक आहे.

दाब उतरवणे. वीस मजली इमारतीच्या डिलिव्हरी पाइपात साठ मीटर पाण्याचा स्तंभ उभा असतो. त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ किलो भरतो. म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपाच्या तोंडावर जवळजवळ ४७० किलोंचा जोर. तो पेलणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकलेला असला, तर पाणी उलटे वाहते आणि वीज नसतानाही इंपेलर गरगरा फिरू लागतो. त्यामुळे सक्शन आणि डिलिव्हरी दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून त्यांनाही कुलूप लावायचे, मग ड्रेन प्लग आणि वरचा एअर कॉक उघडायचा. गेजचा काटा शून्यावर आला एवढ्यावर भागत नाही, कारण गेजची नळी गाळाने तुंबलेली असू शकते. ड्रेनमधून धार येऊन ती थांबली, तरच पंप रिकामा धरावा. ड्रेनमधून काहीच आले नाही, तर तो तुंबलाय असे समजून तार घालून पाहावे. आम्ल, गरम तेल किंवा अमोनिया वाहणाऱ्या पंपात नुसता व्हॉल्व्ह पुरत नाही. पाइपात ब्लाइंड फ्लँज बसवावा लागतो.

परवाना. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-मंचावर ६ जुलै १९८८ रोजी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह देखभालीसाठी काढून नेलेला होता आणि त्या जागी तात्पुरता ब्लाइंड फ्लँज होता. ही माहिती रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर रात्रपाळीने पहिला सुरू केला. गळती, स्फोट आणि आगीत १६७ माणसे गेली. कामाच्या परवान्याचा (वर्क परमिटचा) कागद पाळी बदलताना समोरासमोर हाती द्यायचा असतो, तो यासाठी. आपल्याकडे ‘सांगितलंय त्याला’ या दोन शब्दांवर हे भागवले जाते, ते बंद झाले पाहिजे.

प्रत्यक्ष खोलणे. फ्लँजचे बोल्ट सगळे एकदम काढू नयेत. आपल्यापासून लांबच्या बाजूचे बोल्ट आधी थोडे सैल करायचे, नट आट्यांवरच ठेवायचे, बाजूला उभे राहून जोड हलवायचा. आत काही उरले असेल तर ते पलीकडे उडते. कपलिंगचे गार्ड काढल्यावर, कपलिंग सोडवण्याआधी त्याच्या दोन्ही भागांवर खुणा कराव्यात. बॅक पुल-आउट रचनेच्या पंपात केसिंग आणि पाइप जागेवरच राहतात, स्पेसर कपलिंग असेल तर मोटरही हलवावी लागत नाही, आणि फिरता भाग मागे ओढून निघतो. जड भागाला चेन पुली लावायची, आणि लोंबकळत्या वजनाखाली हात किंवा पाय जाऊ द्यायचा नाही.

गंजून बसलेला इंपेलर काढताना गॅसची ज्योत लावायची सवय सर्रास दिसते. ती जिवावर बेतू शकते. इंपेलरच्या हबमध्ये आणि आट्यांत अडकलेला द्रव तापून त्याची वाफ होते आणि धातू फुटतो. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत यासाठी ज्योतीला सरळ मनाई आहे. पुलर, भेदक तेल आणि धीर एवढेच वापरावे. जुन्या पंपातली ग्लँड दोरी ॲस्बेस्टॉसची असण्याची शक्यता असते. ती कोरडी खरवडू नये, भिजवून काढावी.

जोडणीत नवे गॅस्केट आणि डायल गेजवर अलाइनमेंट हवेच. मोटरची दिशा कपलिंग सोडवून तपासावी, कारण आट्यांवर बसलेला इंपेलर उलटा फिरला तर सुटून केसिंगला घासतो. कुलूप ज्याने लावले त्यानेच काढायचे.

सांडपाण्याचा खड्डा. या कामात इथे माणसे मरतात. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्याचा वास हवेतले प्रमाण दहा लाखांत शंभर भाग झाले की नाकाला येईनासा होतो, त्यामुळे वास गेला म्हणजे वायू गेला असे मानणारा आत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने बंदिस्त जागेतल्या धोकादायक वायूंबाबत कलम ३६ घातले. अशा जागेत २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाच्या हातदिव्यावरही त्याने निर्बंध आणले. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. बुडीत पंप तर साखळीने वर ओढूनच दुरुस्त करायचा असतो, त्यासाठी गाइड रेल बसवलेली असते. रेल गंजली म्हणून माणूस आत उतरवण्याआधी सोसायटीच्या कमिटीने रेल बदलून घ्यावी. उतरणे टळणारच नसेल, तर वायूमापक, ताजी हवा देणारा ब्लोअर, अंगभर हार्नेस आणि बाहेर दोरी धरून उभा असलेला माणूस, यांतले एक जरी हजर नसेल तरी त्या दिवशी पंप उघडू नये.