माशी, सायकल आणि पाणी कुणाचं

संपादक मंडळाची अट अशी होती की प्रत्येकाने आपल्या कामाचा किंवा छंदाचा इतिहास लिहायचा, आत्मचरित्र नको. अट मला मानवली. माझं पोटापाण्याचं काम संगणकाचं, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. पण गेली बारा वर्षं मी दर जुलैत दोन आठवड्यांची रजा टाकतो आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, पाइक्स पीक या डोंगराच्या परिसरात, मुलांच्या उन्हाळी शिबिरात शिकवतो. सकाळी लवकर फ्लाय फिशिंग, म्हणजे बनावट माशीने ट्राउट मासा पकडणं, आणि नाश्त्यानंतर डोंगरातली सायकल. जुलैत तिथे दुपारी हमखास गडगडाट होतो, म्हणून दोन्ही तास बाराच्या आत उरकतात.

हे ऐकून आपले महाडचे मित्र हसतात. सावित्रीत गळ टाकायला आणि तासाच्या भाड्याची सायकल दांड्याखालून पाय घालून चालवायला आपल्याला कुणी शिकवलं होतं, असं विचारतात. प्रश्न बरोबर आहे. मुलांना हे 'शिकवावं' लागतं, त्यासाठी शिबिर भरवावं लागतं, हीच मुळी इतिहासातली एक घटना आहे. आपले इतिहासाचे सर सांगायचे, सन पाठ करण्याआधी 'का' विचारा. तो प्रश्न मी या शिबिराला विचारला.

अमेरिकेतलं पहिलं संघटित शिबिर म्हणून १८६१ सालाचा उल्लेख होतो. कनेक्टिकट राज्यातले शाळाचालक फ्रेडरिक विल्यम गन आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन समुद्रकाठी मिलफर्डपर्यंत चालत गेले आणि तिथे तंबू ठोकून दोन आठवडे राहिले. यादवी युद्ध पेटलं होतं आणि पोरांना सैनिकांसारखं उघड्यावर राहायची हौस होती. पुढे १८७७ मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतली मुलं उन्हाळ्यात खेड्यात पाठवण्याचं काम सुरू झालं. १८८१ मध्ये अर्नेस्ट बाल्च या तरुणाने न्यू हॅम्पशायरमधल्या स्क्वाम तळ्यावर श्रीमंतांच्या मुलांसाठी शिबिर काढलं. सुट्टी हॉटेलात घालवणाऱ्या या मुलांनी स्वतः स्वयंपाक करायचा आणि स्वतः भांडी घासायची, असा तिथे नियम होता. म्हणजे गरीब मुलाला मोकळी हवा हवी आणि श्रीमंत मुलाला कष्ट हवेत, असे दोन विचार शेजारी शेजारी चालत होते. शहर मुलांना बिघडवतं, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी विसेक मुलांचं शिबिर भरवलं, तेही याच काळजीतून. त्यातून निघालेली स्काउट चळवळ आपल्या शाळेच्या मैदानापर्यंत आली आणि आपल्या गळ्यात स्कार्फ बांधून गेली.

या गोड इतिहासाला एक कडू बाजू आहे. १९०२ मध्ये अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांनी मुलांची एक वनविद्या संघटना काढली. तिच्यात मुलं 'इंडियन' टोळ्या करत, पिसांचे मुकुट घालत, शेकोटीभोवती सभा भरवत. पुढे कित्येक शिबिरांनी हे उचललं. त्याच काळात खऱ्या आदिवासींच्या मुलांना सरकारी निवासी शाळांत घालून त्यांचे केस कापले जात होते आणि त्यांना स्वतःची भाषा बोलायला बंदी होती. १८७९ मध्ये सुरू झालेली कार्लाइलची शाळा त्यातली सर्वांत प्रसिद्ध. पाइक्स पीकच्या परिसरात पिढ्यानपिढ्या वावरलेले यूट लोक. त्यांच्यातल्या मोठ्या गटांना १८८१ मध्ये कोलोरॅडोतून उठवून युटात नेलं गेलं. बाल्च यांचं शिबिर निघालं तेच हे वर्ष. मूळ रहिवाशांच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं असं नाही. डाकोटा समाजातले डॉक्टर आणि लेखक चार्ल्स ईस्टमन यांनी १९१५ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये कुटुंबासह स्वतःचं शिबिर उघडलं आणि आपल्या लोकांची विद्या स्वतः शिकवली. पण असं उदाहरण विरळाच.

तंबूत कुणाला घ्यायचं यावरही कुंपणं होती. ज्यू मुलांना आणि काळ्या मुलांना अनेक शिबिरांची दारं बंद होती, म्हणून त्यांनी आपापली शिबिरं उभी केली. डेनव्हरच्या काळ्या मध्यमवर्गाला डोंगरातली विश्रांतीची ठिकाणं मोकळी नव्हती, तेव्हा १९२२ मध्ये साउथ बोल्डर क्रीक या ओढ्याकाठी 'लिंकन हिल्स' ही त्यांची स्वतःची वसाहत निघाली. तिथे पुढे काळ्या मुलींचं शिबिर भरू लागलं. त्याचं नाव 'निझोनी'. नवाहो भाषेत त्याचा अर्थ सुंदर. आज त्याच ओढ्यावर शहरातल्या मुलांना फ्लाय फिशिंग शिकवलं जातं.

मित्रहो, ही माहिती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला सरांचा एक तास आठवला. चवदार तळ्याच्या काठावर आपल्याला उभं करून सरांनी २० मार्च १९२७ ही तारीख सांगितलीच, पण आधी विचारलं, "पाणी कुणाचं?" सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्ये झाला होता. महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं असल्याचं ठरवलं होतं. तरी प्रत्यक्षात पाण्याला हात लावायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह यावं लागलं आणि कोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. डोंगर, ओढा, तळं यांचा इतिहास लिहायचा तर तो प्रश्न टाळता येत नाही, हे मी महाडात शिकलो आणि कोलोरॅडोत पुन्हा वाचलं.

आता माशीकडे वळतो. आपल्या गळाला शिसं बांधतात, त्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली माशी असते. तिला वजनच नसतं. म्हणून इथे दोरीच जड असते आणि तीच माशीला घेऊन जाते. काठी मागे नेली की दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे आणायची. मुलांना हा थांबा जमत नाही. म्हणून पहिले दोन दिवस गवतावर, आकड्याऐवजी लोकरीचा गोंडा बांधून सराव.

ही कला जुनी आहे. १४९६ मध्ये इंग्लंडात छापलेल्या एका निबंधात बारा माश्या बांधायच्या कृती दिल्या आहेत. तो डेम ज्युलियाना बर्नर्स या बाईंच्या नावावर सांगितला जातो. आयझॅक वॉल्टन यांचं प्रसिद्ध पुस्तक १६५३ चं. अमेरिकेत १८९२ मध्ये मेरी ऑर्व्हिस मार्बरी यांनी देशभरातल्या माश्यांचा इतिहास लिहिला. आमच्या शिबिरात 'हे मुलग्यांचं काम' असं कुणी म्हटलं की मी या दोन नावांची उजळणी घेतो.

पण गंमत माशांची आहे. कोलोरॅडोच्या ओढ्यात मुलाच्या जाळीत येणारा मासा बहुधा परकाच असतो. ब्राउन ट्राउटची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून अमेरिकेत आली. रेनबो पश्चिम किनाऱ्याकडचा, ब्रूक पूर्वेकडचा. खाणी आणि रेल्वे यांच्या मागोमाग माशांचीही वसाहत झाली. १८८९ मध्ये लेडव्हिलला सरकारी मत्स्यबीज केंद्र निघालं. या राज्याचा मूळचा ट्राउट एकच, कटथ्रोट. गळ्याखाली लाल रेघ, म्हणून हे नाव. नव्या माशांपुढे तो मागे हटत गेला.

सायकलीचा इतिहास मात्र आपल्या वयाचा आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही तरुण १९३०-४० च्या सुमाराच्या जाड टायरच्या भंगार सायकली डोंगरावर नेत आणि कच्च्या रस्त्याने खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. उतार सुमारे दोन मैलांत जवळजवळ १३०० फूट. पेडल उलटं दाबून लागणारा मागचा ब्रेक इतका तापे की हबमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर नवं ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या वाटेचं नावच 'रीपॅक' पडलं. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी नवी सांगाडी घडवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या सांगाड्यांवर धंदा सुरू केला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. आमच्या कोलोरॅडोचाही यात वाटा आहे. त्याच १९७६ साली क्रेस्टेड ब्यूट गावातली मंडळी तसल्याच जुन्या सायकली घेऊन १२,७०० फुटांवरची पर्ल खिंड ओलांडून ॲस्पेनला गेली.

मुलांना मी शिकवतो ते सोपं आहे. उतारावर उभं राहायचं, पेडल समपातळीत, कोपरं बाहेर, नजर जिथे जायचं तिथे. चढ चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. चाक घसरवत थांबायचं नाही आणि ओल्या चिखलात वाटेवर जायचं नाही. शेवटचे दोन नियम मुलांना भाबडे वाटतात. ते भाबडे नाहीत, हे एका ओढ्याने दाखवून दिलं.

कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराच्या वर बेअर क्रीक नावाचा ओढा आहे. ग्रीनबॅक कटथ्रोट हा मासा १९३७ पर्यंत नष्ट झाला असं मानलं गेलं. १९५० च्या दशकात तो सापडल्याचं जाहीर झालं, मग त्याला जपण्यात काही दशकं गेली. १९९४ मध्ये तो राज्याचा मासा ठरला. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी संग्रहालयांत ठेवलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या नमुन्यांशी जनुकं ताडून पाहिली आणि कळलं की जपलेले बरेच मासे दुसऱ्याच वाणाचे होते. खरा ग्रीनबॅक फक्त बेअर क्रीकच्या सुमारे चार मैलांत उरला होता. आणि तो तिथला मूळचाही नव्हता. एकोणिसाव्या शतकात जोन्स नावाच्या एका हॉटेलवाल्याने पर्यटकांसाठी तो बाहेरून आणून सोडला होता. कुणी वाचवायला गेलं नव्हतं, तरी वाचला.

त्याच ओढ्याच्या काठाने मोटारसायकलींच्या आणि सायकलींच्या आवडत्या वाटा होत्या. चाकांनी उकरलेली माती पावसात ओढ्यात उतरते, गोट्यांमधल्या फटी बुजवते, आणि मासा अंडी घालतो ती याच फटींत. २०१२ मध्ये मोटारसायकलींवरून वनखात्याविरुद्ध दावा झाला. पुढे काही वाटा बंद झाल्या, काही पाण्यापासून दूर नव्याने काढल्या. वाटा गेल्या म्हणून सायकलवाले नाराज होते, मासा टिकतो की नाही म्हणून मासेवाले काळजीत होते. मी दोन्हीकडचा. तिथे मासेमारीला बंदी आहे. आम्ही दुसऱ्या ओढ्यावर मासे पकडतो, दुसऱ्या डोंगरावर सायकली चालवतो, आणि शेवटच्या दिवशी इकडे मुलांना चालत आणतो, हात रिकामे ठेवून.

गेल्या जुलैत तिथे एका अकरा वर्षांच्या मुलीने विचारलं, "मग आपण दोन्ही बंदच करावं का?" ती चिडली होती, आणि तिला कारणही होतं. आदल्या तीन दिवसांत आमच्या ओढ्याचं पाणी सकाळी दहालाच २० अंश सेल्सिअसच्या वर जात होतं. एवढ्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, पकडून सोडलेला ट्राउट पुढे मरू शकतो. म्हणून मी काठ्या गुंडाळायला लावल्या होत्या. काही पालकांनी फी भरल्याची आठवणही करून दिली होती. ती मुलगी पहिला मासा न पकडताच घरी जाणार होती.

मी तिला सांगितलं, हा मासा आज आहे तो कुणीतरी त्याच्याशी खेळल्यामुळेच आहे. हॉटेलवाल्याने खेळासाठी आणला, मासेवाल्यांनी त्याच्यासाठी पैसे आणि वेळ दिला, वाटा हलवायला लोकांनी कुदळी धरल्या. ज्याला पाण्याची ओळखच नाही तो पाण्यासाठी भांडणार नाही. पण ओळख झाली की थांबणंही शिकावं लागतं, काठी मागे नेल्यावर थांबतो तसं. तिचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही. तिने थर्मामीटर मागून घेतला आणि बेअर क्रीकपासून परतताना वाटेत लागलेल्या प्रत्येक ओहोळाचं तापमान वहीत लिहिलं. २०२२ मध्ये डेनव्हरच्या पश्चिमेच्या हर्मन गल्च या ओढ्यात सोडलेल्या ग्रीनबॅकची नैसर्गिक वीण सुरू झाल्याचं राज्याच्या खात्याने जाहीर केलं होतं. ते तिला सांगितल्यावर तिने तेही लिहून घेतलं.

आता आपल्या शाळेविषयी. काळ नदीतल्या वाळणकोंडीत वरदायिनीचे मासे आहेत, त्यांना कुणी पकडत नाही. पकडू नये हा नियम तिथे कुठल्याही खात्याच्या आधीपासून आहे. आपण सहलीत त्यांना कुरमुरे टाकले, पण ते महसीर आहेत आणि देशातल्या कित्येक नद्यांतून ते कमी होत चालले आहेत, हे आपल्याला ठाऊक नव्हतं. माझी या संमेलनाला एक सूचना आहे. येत्या मे महिन्यात शाळेतल्या आजच्या मुलांसाठी दोन दिवसांचं शिबिर भरवू. पहिल्या दिवशी सकाळी चवदार तळं, तिथे सरांचाच प्रश्न. दुसऱ्या दिवशी सायकलीने वाळणकोंड, गळ न घेता, वही आणि थर्मामीटर घेऊन. सायकलींचा आणि जेवणाचा खर्च मी उचलतो. मार्गदर्शनाला सर आणि बाई येतील तर उत्तमच. नावं संपादक मंडळाकडे द्यावीत.