बर्मन, स्वप्ना

बर्मन, स्वप्ना : (२९ ऑक्टोबर १९९६ – ). भारतीय मैदानी क्रीडापटू. हेप्टॅथलॉन या सात प्रकारांच्या स्पर्धेत आशियाई क्रीडा स्पर्धांचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. २०१८ साली जकार्ता येथे त्यांनी ६,०२६ गुणांसह हे पदक जिंकले. त्यापूर्वी या प्रकारात भारताची मजल सोमा बिश्वास यांच्या रौप्यपदकांपर्यंत (बुसान, २००२, दोहा, २००६) गेली होती.

त्यांचा जन्म पश्चिम बंगालमधील जलपाईगुडी जिल्ह्यात एका कष्टकरी कुटुंबात झाला. वडील सायकलरिक्षा ओढत, आई चहाच्या मळ्यात मजुरी करी. २०१३ साली वडिलांना पक्षाघात झाला आणि घराची ओढाताण वाढली. स्वप्ना यांच्या दोन्ही पायांना जन्मतः सहा-सहा बोटे आहेत. त्यामुळे पाऊल पुढे रुंद असून नेहमीच्या मापाचे बूट त्यांना चावतात. धावताना आणि उडीनंतर जमिनीवर येताना होणारी ही वेदना त्यांनी वर्षानुवर्षे सोसली. सुरुवातीला त्या उंच उडी मारत. कोलकात्याच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात प्रशिक्षक सुभाष सरकार यांनी त्यांना हेप्टॅथलॉनसाठी घडवले. राहुल द्रविड यांच्या नावाने चालणाऱ्या खेळाडू मार्गदर्शन योजनेचाही त्यांना आधार मिळाला.

हेप्टॅथलॉन दोन दिवस चालते. पहिल्या दिवशी १०० मीटर अडथळा शर्यत, उंच उडी, गोळाफेक आणि २०० मीटर धावणे. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि ८०० मीटर धावणे. प्रत्येक कामगिरीचे ठरलेल्या कोष्टकानुसार गुण होतात आणि बेरजेवर निकाल लागतो. १९८४ च्या ऑलिंपिकपासून महिलांच्या पेंटॅथलॉनची जागा या स्पर्धेने घेतली. वेग, ताकद आणि दम एकाच शरीरात सारखे क्वचितच असतात. म्हणून कमकुवत प्रकारातील तूट बलस्थानांतून भरून काढावी लागते.

२०१४ साली इंचॉन येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत त्या पाचव्या आल्या. २०१७ साली भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५,९४२ गुणांसह त्यांनी सुवर्ण मिळवले. जकार्तात जबडा दुखत असल्यामुळे त्या गालावर पट्टी चिकटवून उतरल्या. तेथील त्यांची कामगिरी अशी : अडथळा शर्यत १३.९८ सेकंद (९८१ गुण), उंच उडी १.८२ मीटर (१,००३), गोळाफेक १२.६९ मीटर (७०७), २०० मीटर २६.०८ सेकंद (७९०), लांब उडी ६.०५ मीटर (८६५), भालाफेक ५०.६३ मीटर (८७२), ८०० मीटर २ मिनिटे २१.१३ सेकंद (८०८). २०० मीटरमध्ये त्या सातव्या आल्या. मात्र उंच उडी आणि भालाफेक या दोन्हींत त्या सर्वांत पुढे राहिल्या. शेवटच्या शर्यतीपूर्वी चीनच्या वांग छिंगलिंगवर त्यांची ६४ गुणांची आघाडी होती. ८०० मीटरच्या हिशेबात ही आघाडी जेमतेम पावणेपाच सेकंदांची. ती टिकवून त्यांनी सुवर्ण नक्की केले.

२०१९ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जकार्तानंतर एका जागतिक क्रीडासाहित्य कंपनीने त्यांच्या पायाच्या मापाचे बूट खास बनवून दिले. सहा बोटांच्या पायात बसणारे बूट मिळायला आशियाई सुवर्णपदक जिंकावे लागले, ही गोष्ट खेळाडूंना मिळणाऱ्या सोयींबद्दल बरेच काही सांगते. २०१९ साली दोहा येथील आणि २०२३ साली बँकॉक येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धांत त्यांनी रौप्यपदके मिळवली. मधल्या काळात पाठीच्या दुखापतीने त्यांना फार सतावले. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत ५,७०८ गुण मिळवून त्या चौथ्या आल्या. कांस्यपदक चार गुणांनी हुकले. ८०० मीटरमध्ये एवढा फरक सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात पडतो.

जे. जे. शोभा यांचा २००४ मधील ६,२११ गुणांचा राष्ट्रीय विक्रम त्यांच्या हाती लागला नाही. तरीही सहा हजार गुणांची पायरी ओलांडून आशियात अव्वल येणे ही त्यांची कामगिरी भारतीय मैदानी खेळांत फार मोलाची आहे. हेप्टॅथलॉनला धावपट्टी, उडीचे खड्डे, फेकीची जागा, सात प्रकार शिकवणारा जाणकार प्रशिक्षक आणि वर्षानुवर्षांचा धीर लागतो. गरीब घरातल्या मुलीला हे सगळे एका ठिकाणी मिळाले तर ती आशियाच्या शिखरावर पोहोचू शकते, हे बर्मन यांनी सिद्ध केले.