न फिटणारे ऋण: ख्रिस्ती कृतज्ञतेचे स्वरूप

पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले, आणि रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले. दोघांपैकी कोणीही ख्रिस्ती नव्हते. तरी ख्रिस्ती कृतज्ञतेचा विचार याच दोन गावांपासून सुरू करणे मला सोयीचे वाटते. कृतज्ञतेची जी दोन रूपे मराठी माणसाच्या ओळखीची आहेत, ती या दोघांनी विशेष रेखीवपणे मांडली.

विनोबांच्या मांडणीत कृतज्ञता म्हणजे झीज भरून काढणे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता प्रवचनांत ते सांगतात, की आपल्या जगण्याने सृष्टी, समाज आणि शरीर झिजतात. यज्ञाने सृष्टीची, दानाने समाजाची आणि तपाने शरीराची भरपाई करायची. आठवल्यांच्या त्रिकाल संध्येत मुख्य भाग स्मरणाचा. सकाळी जाग येते, जेवलेले अंगी लागते, रात्री झोप लागते. या तिन्ही वेळी आतल्या ईश्वराची आठवण ठेवायची.

ख्रिस्ती उपकारस्तुतीत स्मरण आहेच. फरक पडतो तो फेडीच्या मुद्द्यावर. रोमकरांस पत्रात पौलाचा युक्तिवाद असा: माणूस देवाचा वैरी असतानाच ख्रिस्त त्याच्यासाठी मेला. पात्रता पाहून दिलेल्या देणगीची काहीतरी भरपाई सुचते. अपात्राला मिळालेल्या देणगीची किंमत ठरवायची कशाने? शिवाय फेडू पाहिले, की देणगीचा व्यवहार होतो. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच, तोही परका शोमरोनी, आभार मानायला परततो. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशू विचारतो; पण त्यांचे बरेपण काढून घेतले जात नाही. उपकारस्तुती ही बरे होण्याची अट नव्हती, हे या कथेतून सिद्ध होते. मग परतणाऱ्याला अधिक काय मिळाले? देणाऱ्याची भेट.

ही सीमारेषा फार ठळक मात्र ओढू नये. देवाचे उपकार फिटत नाहीत ही जाणीव वारकरी संतांनाही होती. विनोबांच्या जन्माच्याच वर्षी, १८९५ मध्ये, बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताकडे येण्याची आपली वाट तुकारामांतूनच गेल्याचे सांगितले. मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग सहज रुजला, याचे एक कारण मी या सामाईक जाणिवेत पाहतो.

आता विकृतींकडे. पहिली लूकनेच टिपली आहे: मंदिरातला परूशी मनापासून आभार मानतो, पण आपण इतरांसारखे नाही याबद्दल. प्रार्थना देवाला उद्देशून आहे आणि नजर शेजारच्या जकातदारावर. आपल्या सुखवस्तू प्रार्थनांत हा परूशी जितका आढळतो, तितका आपण कबूल करत नाही.

दुसरी विकृती अधिक क्रूर. सर्व स्थितीत उपकारस्तुती करावी, असे पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो. स्थितीबद्दल करावी, असे तिथे म्हणत नाही. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. तिथल्या आप्त गमावलेल्या माणसाला ‘देवाचे आभार मान’ असे सांगणे ही श्रद्धा नव्हे, निर्दयपणा आहे. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत आणि कित्येक विलाप वळत वळत स्तुतीपर्यंत पोचतात. रडण्याचा टप्पा गाळलेला नसतो. धरून दिला जाण्याच्या रात्री येशूने भाकर घेऊन आभार मानले ते भाकरीबद्दल, विश्वासघाताबद्दल नव्हे.

फेड नाही, तर कृतज्ञता जाते कुठे? तिसऱ्याकडे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात शेतकरी पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवतो, आपले पूर्वज भटके आणि गुलाम होते हे मोठ्याने म्हणतो, आणि मग लेवी व परदेशी यांच्यासह आनंद करतो. पौलही करिंथकरांना मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांचा दाखला देतो. त्यांची वर्गणी जाणार होती न पाहिलेल्या यरुशलेमकरांकडे. इथे विनोबांचे भूदान फार जवळ येते. दान म्हणजे सम्यक् विभाजन, ही शंकराचार्यांची व्याख्या ते आवर्जून सांगत. आणि ‘ख्रिस्तधर्म-सार’ हे नव्या करारातले संकलनही त्यांनीच केले.

भाताच्या मुलखात या टोपलीला प्रत्यक्ष रूप आहे. मुंबई परिसरातला ख्रिस्ती ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरात आगेरा साजरा करतो, नवे भात चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतो. गोव्यात कणसांचे फेस्त ऑगस्टात राय गावापासून सुरू होते. अनेक मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कापणीच्या सणाला आणलेल्या भाज्या, तांदूळ, कोंबड्या यांचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या निधीत जमा होतो. लिलावात गंमत असते, निधीही लागतोच. पण अनुवादातला परदेशी त्या आनंदात हक्काने सामील होता. पेण-रोह्याच्या पट्ट्यात आज त्याच्या जागी वीटभट्टीवर आलेले स्थलांतरित कुटुंब धरावे लागेल, आणि लिलावात बोली लावायला त्याच्याकडे पैसे नसतात.