दौंडचे बिनतारी ग्रहण केंद्र : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बिनतारी संदेशवहनाचा इतिहास बहुधा प्रेषणाच्या अंगाने मांडला जातो. २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालेले इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सर्वपरिचित आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारत व इंग्लंड यांच्यात लघुलहरींवरील 'बीम' तारसेवा सुरू झाली. तिचे प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे, तर ग्रहण केंद्र दौंड येथे होते. या सेवेत ग्रहणाचे महत्त्व काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रहणाची समस्या

हजारो किलोमीटरवरून येणारा संदेश अत्यंत क्षीण असतो. विजांच्या वादळांमुळे उद्‌भवणारी खरखर त्यात मिसळते. ग्राहीयंत्राची वर्धनशक्ती वाढविल्यास संदेशाबरोबर खरखरही वाढते. म्हणून संदेशाचे खरखरीशी असलेले प्रमाण सुधारणे हाच खरा प्रश्न होता. प्रेषण व ग्रहण केंद्रे परस्परांपासून दूर ठेवल्याने आपल्याच प्रबळ प्रेषकाचा उपद्रव टळत असे.

फ्रँकलिन यांची योजना

मार्कोनी कंपनीचे अभियंते सी. एस. फ्रँकलिन यांनी बीम पद्धतीसाठी उंच मनोऱ्यांवर टांगलेल्या अनेक तारांचा पडदा योजला. त्यामागे परावर्तक तारा असत. त्यामुळे इष्ट दिशेकडील लहरी एकवटत व इतर दिशांची खरखर बरीच वगळली जाई.

तथापि अँटेनापासून यंत्रापर्यंतची वाहिनी उघडी राहिल्यास ती स्वतःच खरखर गोळा करते. यावर उपाय म्हणून फ्रँकलिन यांनी एकात एक बसविलेल्या तांब्याच्या नळ्यांची वाहिनी वापरली. बाहेरची नळी जमिनीशी जोडलेली असल्याने आतील संदेशास संरक्षण मिळे. वाहिनीचा विद्युत् संरोध नळ्यांच्या व्यासांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. जोडाच्या दोन्ही बाजूंचे संरोध जुळले नाहीत, तर ऊर्जेचा काही भाग परत फिरतो. त्यामुळे जोडणीच्या ठिकाणी संरोध जुळविणे आवश्यक ठरते. मात्र हे जुळविणे संदेशाची हानी टाळते. अँटेनेतच शिरलेली खरखर त्याने वेगळी होत नाही. ते कार्य दिशिकतेचे व भूजोडणीचे होय.

निष्कर्ष

१९३२ मध्ये ही सेवा इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनीकडे आली व १९४७ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. प्रेषकाची शक्ती आकड्यांत सहज नोंदली जाते. ग्रहणातील निर्मळता तशी नोंदली जात नाही. परिणामी दौंडसारखी केंद्रे इतिहासलेखनात मागे पडतात. दळणवळणाच्या स्थानिक इतिहासात ग्रहण केंद्रांना स्वतंत्र स्थान मिळाल्याशिवाय हे चित्र पूर्ण होणार नाही.