शिरवळच्या डोंगरांवरचा वणवा

शिरवळ परिसरातला वणवा झाडांपेक्षा गवताचा असतो. नीरेकाठचे हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. दक्षिणेला खंबाटकीचा डोंगर, नैऋत्येला मांढरदेवीची रांग. दोन्हीकडे काळा कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत वाढते, दिवाळीनंतर ते पिवळे पडते आणि माघ-फाल्गुनात एखादी विडीसुद्धा उतार पेटवायला पुरते.

गवत पेटवण्याची चाल जुनी आहे. जाळल्यावर कोवळे फुटवे लवकर येतात, असा मेंढपाळांचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता. मात्र वर्षानुवर्षे जाळलेल्या माळावर चांगल्या चाऱ्याचे गवत हटते, कुसळी माजते आणि तिची कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत रुततात. सह्याद्रीच्या घाटपट्ट्यात राबाची भाजणीही होती. फांद्या, पालापाचोळा आणि शेण रोपांच्या वाफ्यावर पसरून जाळत. ही आग बांधातली. नजर चुकली तरच ती डोंगराला लागे.

1848 मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि हा मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढे 1865 आणि 1878 च्या वनकायद्यांनी गावाच्या वापरातले रान सरकारी राखीव वन होऊ लागले. इंग्रज वनाधिकाऱ्यांनी आगीला जंगलाचा पहिला शत्रू ठरवले. 1860 च्या दशकात सातपुड्यातील बोरीचे जंगल कर्नल पिअर्सन यांनी वणव्यापासून राखून दाखवले आणि तो प्रयोग देशभर नमुना मानला गेला. 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. कलम 79 नुसार वनात हक्क असलेल्या प्रत्येकावर आगीची खबर देण्याची आणि ती विझवण्याची सक्ती आहे. त्याच कायद्याच्या कलम 26 प्रमाणे हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार स्थगित करू शकते. एकाच्या काडीची शिक्षा साऱ्या गावाला, ही तरतूद अन्यायाचीच होती. जंगल आपले, ही भावना तिने आणखी पातळ केली. 1930 मध्ये तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, आजच्या सांगलीत असलेल्या बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला, त्यामागे अशा निर्बंधांवरचा संताप होता.

आग विझवण्याची पद्धत मात्र फारशी बदललेली नाही. बंब रस्त्यालाच थांबतो. चढावर जायचे ते वनरक्षक, वनमजूर आणि गावातल्या तरुणांनी. खरे काम आधीच सुरू होते: गवत वाळू लागताच ते पट्ट्यापट्ट्याने कापायचे आणि माणसे उभी करून जाळून टाकायचे. ही जाळरेषा. ती वेळेवर काढली नाही, तर पुढची सारी धावपळ हरलेलीच असते.

वणवा चढावर झपाट्याने धावतो, कारण ज्वाळा वरचे गवत आधीच तापवतात. म्हणून कोणी त्याच्या तोंडासमोर जात नाही; जळालेल्या बाजूने, कडेकडेने त्याला आवळत आणतात. आग ओल्या डहाळीने मारतात; ती उंच उगारली की ठिणग्या उडतात, त्यामुळे ती ज्वाळेवर दाबून जळालेल्या भागाकडे ओढायची असते. अलीकडे पाठीवरच्या ब्लोअरने पाचोळा आणि ज्वाळा मागे लोटतात. रात्री हवा गार होते, गवतात दमटपणा येतो आणि पहाटेपर्यंत आग आटोक्यात येऊ शकते. त्यानंतर धुमसणारे बुंधे आणि वाळलेले शेण शोधून विझवावे लागते. हे राहिले की दुपारच्या वाऱ्याने वणवा पुन्हा उठतो.

2004 पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे इशारे देते. पण उपग्रह ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातो आणि गवताची आग तेवढ्यात डोंगर चाटून जाते. अशा आगीतून जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोल-तित्तिरांची अंडी-पिल्ले, पावसाळ्यात रुजलेली रोपे यांना पळता येत नाही. उघडी पडलेली माती पहिल्याच वळवात ओढ्यांनी नीरेत आणि पुढे वीर धरणात जाते.

सर्वांत आधी धूर दिसतो तो गावकऱ्यांना आणि महामार्गावरच्या प्रवाशांना. त्यांनी वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे आणि डोंगराचे, जवळच्या वाडीचे नाव नेमके सांगावे.