महसूल, उत्पन्न आणि प्राप्ती

गोंदिया जिल्ह्यातले जुने तलाव ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. यात कुणाचा मामा नाही; ‘माजी मालगुजारी’ची ती आद्याक्षरं. ‘माल’ अरबी: धन, आणि त्यावरून सरकारी वसूल. फारसी ‘गुजार’ म्हणजे अदा करणारा, ‘शुक्रगुजार’मधला तोच. मालगुजार म्हणजे सरकारात वसूल भरणारा. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात त्याला गावाचा हक्क लिहून दिला आणि भरणारा मालक झाला. हा मुलूख मध्य प्रदेशात असताना, १९५१ साली, मालगुजारी गेली. तलाव राहिले, मागे ‘माजी’ लागलं.

‘महसूल’ही अरबीच, ‘हासिल’चा भाऊबंद. मूळ अर्थ हाती आलेलं, म्हणजे पीकच. पिकाचं नाव पुढे पिकातल्या सरकारी हिश्शाला चिकटलं. ही जवळीक ‘आणेवारी’तही दिसते. सोळा आणे म्हणजे पुरतं पीक. दशमान नाणी आल्यावर तिची ‘पैसेवारी’ झाली. ती पन्नास पैशांखाली उतरली की शेतसाऱ्यात सवलत मिळते.

‘उत्पन्न’ संस्कृत ‘उत्+पद्’वरून आलं: वर येणं, उगवणं. धानाच्या बांधीत हा अर्थ शब्दशः खरा. दप्तरात मात्र पगार आणि व्याजही उत्पन्नच. आयकराला मराठीत ‘प्राप्तिकर’ही म्हणतात. प्राप्ती म्हणजे मिळणं, आणि मिळालेलं सगळं उगवलेलं नसतं.

कायदा नेमका याच फरकावर उभा आहे. शेतीचं उत्पन्न १८८६च्या कायद्याने करातून वगळलं. १९६१च्या कायद्यातही कलम १०(१)ने ती सूट राखली. शेती कशाला म्हणायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली एका जंगलाच्या खटल्यात सांगितलं: नांगरणी, पेरणी, लागवड अशी जमिनीवरची मूळ मेहनत हवी. आपसूक उगवलेलं त्यात बसत नाही. म्हणून बांधीतलं धान विकून आलेला पैसा करमुक्त. रानात वेचलेली मोहफुलं, तेंदूपत्ता किंवा मामा तलावातली मासळी यांचा पैसा शेतीचा धरला जात नाही. लहान शेतकऱ्याला याची झळ लागत नाही, कारण एवढी कमाई करमुक्त मर्यादेच्या आतच राहते.

प्रश्न येतो तो घरी शेती असलेल्या गुरुजींना. पगार मर्यादेपलीकडे आणि धानाचं निव्वळ उत्पन्न पाच हजारांवर असेल, तर करमुक्त असूनही ते विवरणपत्रात दाखवावं लागतं. धानावर कर बसत नाही, पण पगारावरच्या कराचा दर ठरवताना ते हिशेबात धरतात.

तेव्हा पुरावा लागतो तो सातबाऱ्याचा. ‘सात’ आणि ‘बारा’ हे गावनमुन्यांचे आकडे: सातात जमीन कुणाची ते, बारात तिच्यात काय पिकलं ते. मालकीची नोंद सातात असते. करमाफीचा दावा मात्र बाराच्या बळावर टिकतो.