लढाऊ विमानांची रंगभूषा

घरच्या संगणकावर दुसऱ्या महायुद्धातील विमाने उडविण्याचे खेळ निघाले आणि त्यांच्याबरोबर एक नवाच कारागीर उदयास आला. हा कारागीर विमान बांधीत नाही. पुष्कळदा तो ते फारसे उडवीतही नाही. तो ते रंगवितो. २००१ साली रशियातील मॅडॉक्स गेम्स या संस्थेने ‘इल-२ स्टुर्मोविक’ हा खेळ तयार केला, त्यात प्रत्येक विमानाचे बाह्य रूप एका स्वतंत्र चित्रात साठविलेले होते व ते चित्र बदलण्याची मुभा खेळणाऱ्यास होती. या चित्रास ‘स्किन’ असे नाव पडले. चित्र १०२४ बिंदू रुंद, तितकेच उंच, आणि त्यातील रंग फार तर २५६. शिंप्याने अंगरख्याचे भाग कापडावर बेतून ठेवावेत, त्याप्रमाणे विमानाचे पंख, धड आणि शेपूट या चौकोनात सपाट पसरलेले असतात. चितारी त्यांवर आधी मूळ रंग देतो, मग पत्र्यांचे सांधे व रिव्हेट काढतो, आणि शेवटी धुराड्यांमागची काजळी, तेलाचे ओघळ व वैमानिकाच्या बुटांनी पंखाच्या मुळाशी उडालेला रंग दाखवितो. काही जुन्या खेळांत दोन्ही बाजूंना चित्राचा एकच तुकडा वापरीत असत. त्यामुळे एका बाजूची अक्षरे आरशातल्यासारखी उलटी उमटत, आणि बिचाऱ्याची सारी मेहनत हास्यास्पद होई.

वरवर पाहता हा फावल्या वेळचा छंद दिसतो. परंतु चितारी कामास बसला की थोड्याच वेळात एक प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो : रंग कोणता, आणि कोणत्या दिवसाचा? येथून पुढे त्याला इतिहासात शिरणे भाग पडते. कारण लढाऊ विमानाचा रंग शोभेसाठी कधीच नव्हता. शत्रूपासून लपावे म्हणून तो दिला जाई, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण ती अर्धीच आहे. उरलेला अर्धा भाग असा की, आपल्याच माणसांनी आपल्याला मारू नये म्हणूनही विमान रंगवावे लागे.

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटिश विमाने फ्रान्समध्ये उतरली तेव्हा खालचे शिपाई दिसेल त्या विमानावर गोळ्या झाडीत. म्हणून पंखांखाली ब्रिटनचा ध्वज रंगविण्यात आला. परंतु उंचावरून त्या ध्वजातील क्रूस तेवढा ठळक दिसे आणि जर्मन विमानावरील क्रूसाचा भास होई. तेव्हा वर्ष संपण्यापूर्वीच ब्रिटिशांनी फ्रेंचांचे वर्तुळचिन्ह उचलले आणि रंगांचा क्रम उलटा केला : निळा बाहेर, तांबडा मध्यभागी.

या साऱ्या इतिहासातील सर्वांत दारुण प्रकरण मात्र सिसिलीचे. ११ जुलै १९४३ च्या रात्री १४४ अमेरिकन वाहतूक विमाने छत्रीधारी सैनिकांना घेऊन ट्युनिशियाहून त्या बेटाकडे निघाली. किनाऱ्याजवळच्या दोस्त आरमारावर थोड्याच वेळापूर्वी जर्मन बाँबफेक होऊन गेली होती, आणि तोफांवरच्या माणसांची मने अजून थाऱ्यावर नव्हती. कोणी तरी पहिली तोफ डागली, आणि मग जहाजांवरून व जमिनीवरून एकच भडिमार सुरू झाला. आपल्याच माणसांच्या माऱ्याने त्या रात्री २३ विमाने नष्ट झाली.

पुढील वर्षी नॉर्मंडीच्या स्वारीचे बेत आखताना सेनानींच्या डोळ्यांपुढे ही रात्र होती. या वेळी हजारो विमाने एकाच आकाशात येणार होती. रेडिओ-लहरींनी ‘मी मित्र’ असे उत्तर देणारी यंत्रे विमानांत होती खरी. पण इतक्या गर्दीत त्या उत्तरांचा नुसता कोलाहल झाला असता. म्हणून अगदी साधा उपाय ठरला : प्रत्येक पंखाभोवती व धडाच्या मागील भागाभोवती पाच पट्टे, तीन पांढरे व दोन काळे. एका एंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद, दोन एंजिनांच्या विमानावर २४ इंच. चार एंजिनांच्या अवजड बाँबफेक्यांना ही खूण नको होती, कारण जर्मनांपाशी तसली विमाने थोडीच होती. मे महिन्याच्या मध्यास योजना मंजूर झाली, परंतु शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रंग देण्याचा हुकूम ३ व ४ जूनपर्यंत रोखून धरण्यात आला.

त्यानंतर इंग्लंडच्या विमानतळांवर जी धांदल उडाली, तिचे चित्र स्किन रंगविणाऱ्याने अवश्य डोळ्यांपुढे आणावे. हजारो विमाने, आणि हाती एक-दोन रात्री. माणसे मिळेल त्या कुंचल्याने, कोठे कोठे तर झाडूने, पट्टे ओढीत होती. पट्टे वाकडे गेले, कडा दातेरी झाल्या, रंगाचे ओघळ खाली उतरले. संगणकावर मात्र सरळ रेषा काढण्यास क्षणही लागत नाही, आणि म्हणूनच प्रारंभीच्या कित्येक स्किनांवरील पट्टे फूटपट्टीने आखल्यासारखे गुळगुळीत दिसतात. जाणता चितारी जुनी छायाचित्रे जवळ घेऊन बसतो आणि ती रेषा हेतुपुरस्सर बिघडवितो. यंत्राच्या सफाईपेक्षा त्या रात्रीची घाई त्याला अधिक मोलाची वाटते, आणि ते योग्यच आहे.

पुन्हा, हे पट्टे टिकलेही फार थोडे दिवस. लढाऊ विमाने फ्रान्समधील मोकळ्या धावपट्ट्यांवर राहू लागली, तेव्हा तेच पांढरे पट्टे वरून येणाऱ्या शत्रूला ठिकाण दाखवू लागले. मग पंखांवरचे आणि धडाच्या वरच्या अंगाचे पट्टे पुसण्यात आले, आणि वर्षअखेरीस खालचेही गेले. तात्पर्य, जूनमधील स्पिटफायर आणि ऑक्टोबरमधील स्पिटफायर यांची भूषा एक नव्हे.

छायाचित्रांचा आधार घ्यावा, तर तीही फसवितात. त्या काळी पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या एका जातीच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. तीत तांबडा व पिवळा काळपट येई, आणि निळा फिका पडे. ब्रिटिश वर्तुळचिन्हाभोवतीचे पिवळे कडे अशा चित्रात काजळासारखे उमटते. ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही, तो विमानाला खुशाल काळे कडे देऊन मोकळा होतो. कधी खरा तुकडा हाती लागतो. २१ एप्रिल १९१८ रोजी जर्मन वैमानिक रिश्टहोफेन मारला गेला, तेव्हा त्याच्या तांबड्या विमानाचे कापड सैनिकांनी आठवण म्हणून कापून नेले. त्यातील काही तुकडे ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा येथील युद्धस्मारकात जतन केलेले आहेत. पण सगळ्याच विमानांचे असे अवशेष कोठून मिळणार?

चिन्हांचा एक प्रश्न तर कायद्याने निर्माण केला. नाझी चिन्हांवर जर्मनीत निर्बंध असल्याने कित्येक खेळांतील जर्मन विमानांच्या शेपटीवरून स्वस्तिक गाळण्यात आले, आणि हौशी चिताऱ्यांनी ते पुन्हा काढले. फिनलंडच्या विमानांवरही निळे स्वस्तिक होते. पण ते १९१८ मध्ये एका स्वीडिश सरदाराने भेट दिलेल्या विमानावरून आले होते, नाझींशी त्याच्या उगमाचा संबंध नव्हता. ज्यांच्या उंबऱ्यावर स्वस्तिक रोज रेखले जाते, त्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही.

पूर्वेकडे हेच संकट तांबड्या ठिपक्याच्या रूपाने आले. जपानी विमानांवर तांबडा सूर्य असे. त्यामुळे चिन्हातील तांबडा ठिपका दिसताच विमान शत्रूचे समजले जाण्याची धास्ती होती. अमेरिकनांनी मे १९४२ मध्ये आपल्या ताऱ्याच्या मध्यावरील तांबडा ठिपका काढून टाकला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील ब्रिटिश व हिंदी विमानांच्या वर्तुळचिन्हातूनही तांबडा रंग गेला आणि निळ्याच्या छटा व पांढरा एवढेच उरले. १९४४ मध्ये इम्फाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदी वायुदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची हरिकेन विमाने लढली. त्यांची स्किन करताना जो चितारी सवयीने मध्ये तांबडा ठिपका ठेवील, तो त्या वैमानिकांना चित्रात का होईना, स्वपक्षाच्याच तोफांपुढे उभे करील.

स्वातंत्र्यानंतर काही काळ भारतीय विमानांवर निळे अशोकचक्र होते, आणि १९५० मध्ये त्याच्या जागी केशरी, पांढरा व हिरवा या रंगांचे वर्तुळ आले. तेव्हा १९४८ मधील काश्मीरच्या लढाईतले टेम्पेस्ट रंगवू पाहणाऱ्याने आजचे तिरंगी वर्तुळ काढून भागावयाचे नाही. तेथे चक्रच हवे.